सेवा आणि दावा

मराठी पोवाड्यांचा अभ्यास करणाऱ्याला ॲकवर्थ हे नाव टाळता येत नाही. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हा मुलकी सेवेतला इंग्रज अधिकारी. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने त्याने गावोगाव विखुरलेले पोवाडे जमविले आणि १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. तानाजीचा सिंहगड आणि भाऊसाहेबांचे पानिपत छापील पानावर आले, त्याच्या श्रेयात या परक्या माणसाचा वाटा मोठा आहे. हाच ॲकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर असताना १८९० साली माटुंग्याला निराधार महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. पुढे त्याला ॲकवर्थचेच नाव मिळाले आणि वडाळ्याचे महापालिकेचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्याच नावाने ओळखले जाते.

या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. पोवाड्याच्या अखेरच्या चरणात शाहीर आपले नाव गुंफून ठेवतो. म्हणून दोनशे वर्षांनीही ते आपल्याला ठाऊक असते. पण माटुंग्याच्या त्या आश्रयस्थानात ज्यांनी आयुष्य काढले, त्यांतल्या एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? आश्रयदात्याचे नाव उरले, आश्रिताचे गेले. सेवेच्या इतिहासात बहुधा असेच होते.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट समोर असताना, महारोगाचा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, मला रोगाची नव्हे, रोग्यांच्या पराक्रमाची गोष्ट सांगावयाची आहे. तिच्यात तलवार नाही, वकीलपत्र आहे. पण पोवाडा व्हावा एवढा मजकूर तिच्यात खास आहे.

आपल्याकडे या रोगाला ‘महारोग’, ‘रक्तपिती’ अशी नावे होती, आणि नावाबरोबरच तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असल्याची समजूतही होती. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्माउर हान्सेन याने रोग्यांच्या गाठींतून काढलेल्या द्रव्यात या रोगाचे जंतू पाहिले, तेव्हा पापाचा आरोप खरे म्हणजे गळून पडावयास हवा होता. झाले उलटेच. रोग जंतूमुळे होतो असे कळताच जगाने दया सोडली नाही, पण दयेच्या जोडीला कुलूप आणले. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने लेपर्स ॲक्ट केला. भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन न दिसणाऱ्या महारोग्याला वॉरंटावाचून पकडण्याची मुभा त्याने पोलिसाला दिली. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, विक्रीसाठी खाद्यपदार्थ करणे, भाड्याच्या गाडीत बसणे, या गोष्टींनाही रोग्यास मनाई करता येत असे. रेल्वेचा डबा तेवढा त्यातून वगळला होता.

ज्या हान्सेनचे नाव पुढे या रोगालाच मिळाले, त्यालाही एकदा न्यायासनापुढे उभे राहावे लागले होते, हे फारसे कुणी सांगत नाही. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे सिद्ध करण्याच्या ध्यासाने त्याने १८७९ साली रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतले द्रव्य टोचले. त्या बाईने ते मुकाट्याने सोसले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १८८० साली निकाल लागला आणि त्या रुग्णालयातील वैद्याच्या जागेवरून हान्सेनला दूर व्हावे लागले. देशाचा कुष्ठरोगविषयक मुख्य अधिकारी म्हणून तो पुढेही राहिला, आणि त्याची विद्वत्ता कुणी नाकारली नाही. पण विद्वत्तेलाही रोग्याची परवानगी घ्यावी लागते, एवढे एका गरीब रोगिणीमुळे त्या दिवशी ठरले. सेवेपलीकडची ही दुसरी वाट आहे. तिला मी दाव्याची वाट म्हणतो.

महाराष्ट्राला पहिली वाट चांगली परिचयाची आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ माळावर आनंदवन फुलविले. बाबा मूळचे वकील, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी चालती वकिली सोडली आणि रोग्यांच्या हाती कुदळ दिली. ‘दान नको, काम द्या’ हा त्यांच्या सगळ्या खटाटोपाचा इत्यर्थ होता. या माणसांपुढे आपण हात जोडतो ते योग्यच आहे. परंतु दूरच्या जपानात याच रोगाच्या माणसांनी, जणू बाबांच्या उलट दिशेने चालत जाऊन, वकिलांचे दार ठोठावले. ती हकीगत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही.

जपानचा पहिला कायदा १९०७ सालचा, आपल्या १८९८ च्या कायद्याचा जणू धाकटा भाऊ. रस्त्यावर भटकणारे रोगी उचलून न्यावयाचे, एवढाच त्याचा आवाका होता. १९३१ साली तो वाढविण्यात आला आणि घरात, आप्तांमध्ये राहणाऱ्या रोग्यांवरही गदा आली. आपला जिल्हा ‘महारोगमुक्त’ करण्याची चढाओढ लागली. शेजारी शेजाऱ्याची बातमी देऊ लागला; पांढऱ्या डगल्यातली माणसे येऊन घर औषधाने धुऊन काढू लागली आणि सगळ्या गावाला कळू लागले. आपल्याकडे सोयरीक जुळविताना ‘घराण्यात काही नाही ना?’ असे हलक्या आवाजात विचारीत. तिकडेही तेच होते. भावाबहिणींची लग्ने मोडू नयेत म्हणून रोगी वसाहतीच्या दारात आपले नाव टाकून देई आणि नवे नाव घेई. विवाहाची परवानगी हवी तर पुरुषाला निर्बीजीकरण करून घ्यावे लागे. वसाहतीच्या संचालकाला शिक्षा देण्याचा अधिकार होता. कुसात्सूच्या वसाहतीत तर १९३८ ते १९४७ या काळात एक खास कोठडी होती. ९३ जण तिच्यात डांबले गेले आणि त्यांपैकी २३ दगावले.

होजो तामिओ या तरुण लेखकाची कथा १९३६ साली यासुनारी कावाबाता यांच्या प्रयत्नाने प्रसिद्ध झाली आणि वाङ्मयरसिक हादरून गेले. वसाहतीतली पहिली रात्र हा तिचा विषय. पुढच्याच वर्षी तो क्षयाने वारला. वय अवघे तेवीस. ‘होजो तामिओ’ हे त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव त्याच्या गावाने जाहीर केले ते २०१४ साली, म्हणजे त्याच्या जन्माला शंभर वर्षे झाल्यावर. एवढा मोठा लेखक, पण आईबापांनी ठेवलेले नाव परत मिळावयास एक शतक लागले.

मग औषध आले. अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ साली गाय फॅजेट याने प्रोमिन नावाचे औषध टोचून पाहिले आणि शतकानुशतके असाध्य मानलेला रोग हटू लागला. पुढे डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची बहुविध उपचारपद्धती सुचविली, आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होऊ लागला. उपचार सुरू होताच त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोकाही संपतो. जपानमध्ये प्रोमिन १९४६ सालीच तयार झाले होते. पण ते सर्वांना मिळावे म्हणून रोग्यांना चळवळ करावी लागली, तेव्हा कोठे १९४९ च्या अंदाजपत्रकात त्यासाठी पैसा आला. दाव्याच्या वाटेवरचे त्यांचे ते पहिले पाऊल होते.

आता कायदा जाईल, असे त्यांना वाटले. १९५३ साली जुना कायदा गेला खरा, पण त्याच्या जागी त्याच वळणाचा नवा आला. रोग्यांनी संसदेपुढे ठाण मांडले, उपोषणे केली. संसदेने कायदा संमत करताना एक पुरवणी ठराव जोडला : नजीकच्या भविष्यकाळात या कायद्यात सुधारणा व्हावी. हा नजीकचा भविष्यकाळ उजाडण्यास त्रेचाळीस वर्षे लागली! नागाशिमा बेटावरच्या वसाहतीची कहाणी अशीच आहे. बेट आणि किनारा यांच्यामधले पाणी इतके अरुंद की, चांगला पोहणारा ते सहज पार करील. वसाहत १९३० सालची. पूल झाला १९८८ साली.

न्यायालये तरी निर्मळ होती काय? तीही नव्हती. १९४८ ते १९७२ या काळात रोगी आरोपी असलेले ९५ खटले न्यायमंदिरात न चालता वसाहतींसारख्या बंदिस्त जागी चालले. एका खुनाच्या खटल्यात न्यायाधीशांनी पांढरे डगले चढविले होते आणि पुरावा चिमट्याने उचलला जात होता. त्या आरोपीला १९६२ साली फाशी झाली. या प्रकाराबद्दल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली माफी मागितली. ज्या दारात असा अनुभव आला, त्याच दारात पुन्हा न्याय मागावयास जाणे ही सोपी गोष्ट नव्हे. रोग्यांच्या धैर्याचे माप येथे मिळते.

१९९५ साली दक्षिणेकडील एका वसाहतीत राहणाऱ्या लेखकाने क्यूशूच्या वकीलसंघाला एक पत्र लिहिले. शिमा हिरोशी हे त्याचे लेखननाम. मानवी हक्कांची भाषा बोलणारे वकील या कायद्याविषयी गप्प का, असा त्या पत्राचा रोख होता. वकील मंडळी खजील झाली आणि कामाला लागली. १९९६ साली सरकारने कायदा रद्द केला. पण कायदा चुकीचा होता म्हणून जे भोगावे लागले, त्याचा हिशेब कुणी द्यावयाचा? ३१ जुलै १९९८ रोजी तेरा रहिवाशांनी कुमामोतो जिल्हा न्यायालयात सरकारवर दावा लावला. हजारो रहिवाशांपैकी फक्त तेरा. बाकीच्यांपैकी अनेकांना हे रुचले नाही. सरकारने पोसले, म्हातारपणी आसरा दिला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर फिर्याद कशी करावयाची, असा संकोच होता. मराठी माणसाला हा संकोच समजावून सांगावयास नको. सेवेचे ओझे असेच असते. उपकार करणाऱ्याशी भांडता येत नाही.

११ मे २००१ रोजी निकाल लागला तेव्हा वादी १२७ झाले होते. आपल्याकडे कोर्ट म्हटले की पुढची तारीख आठवते. कुमामोतोच्या न्यायालयाने मात्र मागची तारीख दिली. त्याने सांगितले की, उशिरात उशिरा १९६० साली रोग्यांना अलग ठेवण्याची गरज संपली होती; आणि १९६५ नंतरही संसदेने कायदा तसाच ठेवला, ही तिची बेकायदा कसूर होय. माझ्या मते दाव्याचे खरे फळ हे आहे. नुकसानभरपाई दर माणशी ऐंशी लाख ते एक कोटी चाळीस लाख येन ठरली. पण पैशाने तारुण्य परत येत नाही. ‘त्या काळी असेच चालत असे’ या गुळमुळीत वाक्याआड दडलेल्या अन्यायाला न्यायालयाने साल लावले. त्या सालानंतरचा प्रत्येक दिवस सरकारच्या नावे खर्ची पडला.

सरकार अपील करणार, असेच सर्वांना वाटत होते. वृद्ध वादी तोक्योत पंतप्रधानांच्या कचेरीपुढे जाऊन उभे राहिले. २३ मे रोजी पंतप्रधान कोइझुमी यांनी अपील न करण्याचा निर्णय जाहीर केला आणि जूनमध्ये भरपाईचा कायदा झाला. पुढे जपानी राजवटीत बांधलेल्या कोरिया आणि तैवानमधील वसाहतींतल्या रोग्यांनीही दावे लावले. २५ ऑक्टोबर २००५ रोजी, एकाच दिवशी, तोक्योच्या एकाच न्यायालयात तैवानचे वादी जिंकले आणि कोरियाचे हरले! कोर्टाचे कामकाज असेही असते. अखेर २००६ साली कायदा सुधारून दोघांनाही भरपाई देण्यात आली. २०१९ साली रोग्यांच्या नातलगांचा दावा मंजूर झाला. ५४१ जणांना भरपाई मिळाली. पण बहुतेकांनी स्वतःचे नाव उघड न करता क्रमांकाने दावा चालविला. न्याय मिळाला, तरी नाव सांगण्याचे धैर्य अजून व्हावयाचे होते.

आता आपल्या घरी येऊ. डॅप्सोनची गोळी हाती असताना १९५५ साली आपण हिंदू विवाह कायद्यात ‘उग्र व असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहून ठेवले. १८९८ चा कायदा काही राज्यांनी आधी काढून टाकला, तरी केंद्राच्या पुस्तकातून तो गेला २०१६ साली. २००८ साली ओडिशातील एका नगरपालिकेवर निवडून आलेल्या माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. कुष्ठरोग्यास अपात्र ठरविणारे कलम न्यायालयाने वैध मानले. मात्र असे कलम ठेवणे आता जरूर आहे काय, याचा विधिमंडळाने विचार करावा, असेही सुचविले. दाव्याची वाट प्रत्येक वेळी गावाला पोचतेच असे नाही. पण हरलेला दावाही प्रश्न नोंदवून ठेवतो. २०१५ साली विधी आयोगाने आपला २५६ वा अहवाल याच भेदभावावर दिला.

त्याआधी २०१४ साली पंकज सिन्हा या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल केली होती. तिची मागणी लक्षात घेण्याजोगी आहे. जपानमध्ये औषध होते आणि स्वातंत्र्य नव्हते; आपल्याकडे कागदावर दोन्ही होती, पण रोगी आरोग्यकेंद्रात गेला की औषधाची पाकिटे मिळतीलच याची शाश्वती नव्हती. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले होते. त्याचा तांत्रिक अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी, एवढाच. लोकांनी मात्र रोग संपला असा अर्थ घेतला, आणि संपलेल्या रोगासाठी कोण धावपळ करणार? वस्तुस्थिती अशी की, जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात आणि त्यांची वार्षिक संख्या लाखाच्या घरात आहे. १४ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने सरकारांना आदेश दिले : सर्व प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बहुविध औषधे मोफत आणि अखंड उपलब्ध असावीत, रोग्याला कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी वा खाजगी, परत पाठवू नये, मुलांना शाळेत प्रवेश नाकारू नये, वेळोवेळी पाहणी व्हावी, भीती घालणारी नव्हे, धीर देणारी जाहिरात करावी. पुढल्याच वर्षी संसदेने पाच विवाहविषयक व वैयक्तिक कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख काढून टाकला. तरी देशभरच्या कायद्यांतली अशी इतर कलमे शोधून काढण्याचे काम २०२५ सालीही सर्वोच्च न्यायालयापुढे होतेच.

न्यायालय काय करू शकत नाही, तेही सांगितले पाहिजे. विहिरीवरची बंदी ते उठवील. पण शेजारीण आपल्या कळशीला कळशी लागू देईल, असा हुकूम त्याला काढता येत नाही. बधिर झालेल्या हातापायांची जखम रोज धुणे, झिजलेल्या पायाला पादत्राण बेतणे, घरच्यांनी टाकलेल्या माणसाच्या उशाशी बसणे, ही कामे दिवाणांनी, पटवर्धनांनी, आमट्यांनी केली, आणि ती नेहमी माणसांनाच करावी लागतील. म्हणून सेवा विरुद्ध दावा असा झगडा मला मांडावयाचा नाही.

पण एक भेद आहे. मराठीत ‘उपचार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : रोगावरचा इलाज, आणि वरवरचा शिष्टाचार. सेवेचा जिव्हाळा आटला की पहिला उपचार दुसरा कधी होतो ते कळत नाही. आणि सेवेवर जगणाऱ्याला त्याविषयी तक्रार करावयास जागा नसते. दावा ती जागा करून देतो. सेवेत कुणीतरी रोग्याला विचारतो, तुला काय हवे? दाव्यात रोगी विचारतो, हे मला आजवर का मिळाले नाही? पहिला प्रश्न माणुसकीचा आहे. दुसरा बरोबरीचा आहे. बरोबरी मिळाल्याशिवाय माणुसकी पुरी होत नाही.

पुढचे काम तसे लहानसे आहे. आपल्या गावाच्या आरोग्यकेंद्रात फिक्या रंगाचा बधिर चट्टा घेऊन कुणी आला, तर त्याला त्याच दिवशी औषधाचे पाकीट मिळते काय, एवढे विचारावयाचे. मिळत नसेल, तर त्यासाठी हात जोडण्याची गरज नाही. तो त्याचा हक्क आहे, असे २०१८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे.